विमानापहरणाचे चित्रपट : एक चोरटी आवड

प्रत्येक सुशिक्षित माणसाच्या आवडीनिवडीचे दोन कप्पे असतात. एक दिवाणखान्यांतला, त्यांतील ग्रंथ, नाटकें व चित्रपट पाहुण्यांच्या दृष्टीस पडतील अशा बेतानें मांडलेले असतात. दुसरा माजघरांतला, त्याची वार्ता घरच्या मंडळींपलीकडे सहसा जात नाहीं. विमानापहरणावरील कमी भांडवलाचे व बऱ्याच अंशीं बाष्कळ असे मारधाडीचे चित्रपट या दुसऱ्या कप्प्यांत मोडतात. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे आणि या चित्रपटांची त्याला मनापासून आवड आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे काय, आणि या आवडीची लाज वाटावयाचीच तर ती नेमकी कशाबद्दल वाटावी, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

या चित्रपटांचा सांचा वाचकांस ठाऊक असेलच. विमान आकाशांत चढतें. कोणी धर्मोपदेशक, कोणी गर्भवती, कोणी भांडखोर दांपत्य, कोणी एकटें निघालेलें मूल, अशी प्रवाशांची ओळख घाईघाईनें करून दिली जाते. मग पिस्तुलें बाहेर येतात. नायक मात्र अपहर्त्यांच्या मोजणींतून सुटलेला असतो. ‘पॅसेंजर ५७’ (१९९२) या चित्रपटांत तो त्या क्षणीं चक्क स्वच्छतागृहांत असतो. पुढील दीड तासांत तो एकेका दुष्टाचा निकाल लावतो, वैमानिक मेला असल्यास विमानही उतरवितो, आणि शेवटीं धावपट्टीवर घोंगडी पांघरलेल्या प्रवाशांच्या गर्दींतून कपाळावर अगदी लहानशी जखम घेऊन चालूं लागतो.

कमी भांडवलाच्या निर्मात्यास विमान म्हणजे मोठें वरदानच होय. मोडींत निघालेल्या विमानाचा सांगाडा, आठ-दहा रांगा खुर्च्या आणि खिडक्यांबाहेर पांढरा प्रकाश एवढ्यांत नेपथ्य संपतें. पात्रांना बाहेर जातां येत नाहीं, त्यामुळें स्थलैक्य व कालैक्य हीं ॲरिस्टॉटलचें नांवही न घेतां आपोआप साधतात. वादळ दाखवावयाचें असेल तर कॅमेरा हलवावा आणि नटांनीं एकदम डावीकडे झुकावें. उड्डाणाचीं दृश्यें जुन्या फितींतून उसनीं आणलेलीं असतात. म्हणून चार इंजिनांचें विमान उडतें आणि दोन इंजिनांचें उतरतें. ‘गोल्डफिंगर’ (१९६४) मध्यें खलनायक फुटक्या खिडकींतून बाहेर खेंचला गेला, तेव्हांपासून एका गोळीच्या छिद्रानें अर्धें विमान रिकामें होण्याची चाल पडली. वस्तुतः विमानांत हवा सारखी भरली जात असते व जुनी बाहेर सोडली जात असते; गोळीएवढ्या छिद्रानें त्या व्यवस्थेचें फारसें बिघडत नाहीं. परंतु असल्या शंका काढणारा प्रेक्षक या चित्रपटांना नको असतो, आणि खरें सांगावयाचें तर आपणही त्या वेळीं तो प्रेक्षक नसतों.

आतां इतिहासाकडे वळूं. प्रवासी विमान पळविण्याच्या अगदी आरंभींच्या प्रकारांपैकीं एक १६ जुलै १९४८ रोजीं घडला. मकावहून हाँगकाँगला निघालेलें ‘मिस मकाव’ हें पाण्यावर उतरणारें विमान दरोडेखोरांनीं लुटण्याच्या हेतूनें ताब्यांत घेऊं पाहिलें. झटापटींत तें समुद्रांत कोसळलें आणि २६ जणांपैकीं २५ जण मेले. जो एक वांचला तो दरोडेखोरांच्या टोळींतलाच होता. ही हकीकत पडद्यावर आणावयाची तर तिच्यांत नायक नाहीं, सुटका नाहीं आणि न्यायही नाहीं. पुढें १९६८ ते १९७२ या पांच वर्षांत एकट्या अमेरिकेंत शंभराहून अधिक विमानें पळविण्याचे प्रयत्न झाले. त्यांपैकीं पुष्कळांचा रोख क्यूबाकडे होता. विमान-कंपन्यांचें धोरण असें कीं, अपहर्त्याची मागणी मान्य करावी, प्रवाशांचा जीव व विमान सुखरूप ठेवावें. २४ नोव्हेंबर १९७१ रोजीं डॅन कूपर असें नांव सांगणाऱ्या एका इसमानें दोन लाख डॉलर घेऊन विमानाच्या मागच्या जिन्यावरून हवाई छत्रीसह रात्रीच्या पावसांत उडी घेतली. तो कोण होता हें आजतागायत उलगडलेलें नाहीं. पुढच्याच वर्षीं ‘स्कायजॅक्ड’ हा चित्रपट आला. त्यांत स्वच्छतागृहाच्या आरशावर ओठांना लावावयाच्या रंगानें धमकी लिहिलेली सांपडते, आणि ती लिहिणारा व्हिएतनामहून परतलेला एक भ्रमिष्ट सैनिक निघतो. अमेरिकेंतील सर्व प्रवाशांची झडती घेण्याचा नियम ५ जानेवारी १९७३ पासून अमलांत आला. म्हणजे कायदा येण्यापूर्वीं चित्रपट येऊन गेला होता.

या प्रकाराला राजकारणाचें पूर्ण वळण लागल्यावर एक घटना मात्र अशी घडली कीं ती चित्रपटासाठींच घडली असें वाटावें. २७ जून १९७६ रोजीं अथेन्सहून पॅरिसकडे निघालेलें एअर फ्रान्सचें विमान युगांडांतील एंटेबी येथें नेण्यांत आलें. ४ जुलैच्या पहाटेपूर्वीं इस्रायली कमांडोंनीं तेथें उतरून शंभरांवर ओलीस सोडवून आणले. त्यांचा तरुण सेनानी योनातान नेतान्याहू या कामीं आला, कांहीं ओलिसांचेही प्राण गेले. तथापि मोहीम यशस्वी झाली. वर्ष उलटावयाच्या आंत अमेरिकी दूरचित्रवाणीवर या प्रसंगावरील दोन चित्रपट झळकले, आणि १९७७ सालीं मेनाहेम गोलान या इस्रायली दिग्दर्शकानें तिसरा काढला. एंटेबी हा अपवाद होता, परंतु पडद्यानें त्याचा नियम करून टाकला. त्यानंतरच्या प्रत्येक अपहरणाकडे प्रेक्षक एंटेबीच्या अपेक्षेनें पाहूं लागला, आणि वास्तव त्याला बहुधा निराश करीत राहिलें.

याचें उत्तम उदाहरण याच गोलानचें आहे. १४ जून १९८५ रोजीं अथेन्सहून रोमला जाणारें टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें ८४७ क्रमांकाचें विमान पळविलें गेलें. बैरूत, अल्जीयर्स, पुन्हा बैरूत अशा त्याच्या खेपा झाल्या. अमेरिकी नौदलांतील एका तरुण पाणबुड्याला ठार करून त्याचें प्रेत धावपट्टीवर टाकण्यांत आलें. उरलेले ओलीस ३० जूनला सुटले ते वाटाघाटींनीं. कोणी कमांडो आले नाहींत. आठ महिन्यांच्या आंत, फेब्रुवारी १९८६ मध्यें, गोलान व त्याचा चुलत भाऊ योराम ग्लोबस यांच्या कॅनन फिल्म्स या स्वस्त चित्रपटांसाठीं प्रसिद्ध असलेल्या संस्थेनें ‘दि डेल्टा फोर्स’ काढला. त्याचा पहिला अर्धा भाग ८४७ च्या हकीकतीला इतका चिकटून जातो कीं वर्तमानपत्र वाचल्याचा भास व्हावा. नंतर मात्र चक नॉरिस अवतरतो. त्याच्या मोटारसायकलींतून रॉकेटें सुटतात, बैरूतचे रस्ते (ते इस्रायलमध्येंच चित्रित केलेले) धुरानें भरून जातात, आणि नायक धांवत्या विमानांत त्या मोटारसायकलीवरून चढतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या चित्रपटाची गोडी वाटते ती याच ठिकाणीं. इतिहास कोठें संपला आणि इच्छा कोठें सुरू झाली हें दाखविणारा टांका त्यांत इतका ढोबळ आहे कीं त्यावर बोट ठेवतां येतें. चित्रपटाचा आरंभही सूचक आहे. १९८० च्या एप्रिलमध्यें इराणांतील ओलीस सोडविण्याची अमेरिकेची मोहीम वाळवंटांतच फसली व आठ सैनिक दगावले. पहिलें दृश्य त्याच जळत्या वाळवंटाचें आहे. एका राष्ट्राला दोन वेळां जें करतां आलें नाहीं, तें दोन तासांत करून देण्याची ही योजना होती.

आपल्याकडेही हेंच घडलें. २४ डिसेंबर १९९९ रोजीं काठमांडूहून दिल्लीला निघालेलें इंडियन एअरलाइन्सचें विमान अमृतसरच्या धावपट्टीवर सुमारें पाऊण तास उभें राहून निसटलें आणि लाहोर, दुबई या मार्गानें कंदाहारला पोहोंचलें. एका प्रवाशाचा खून झाला. ३१ डिसेंबरला तीन दहशतवाद्यांना मुक्त करून बाकीच्यांची सुटका करावी लागली. चार वर्षांनीं, २००३ सालीं, ‘जमीन’ हा हिंदी चित्रपट आला. त्यांतही विमान पळविलें जातें, त्यांतही कैद्याच्या मुक्ततेची मागणी होते. परंतु तेथें देवघेव होत नाहीं, आपले जवान ओलिसांना बळानें सोडवून आणतात. १९८४ च्या ऑगस्टमध्यें पळविलेल्या भारतीय विमानाचें प्रकरण दुबईस वाटाघाटींनीं व अपहर्त्यांच्या शरणागतीनें मिटलें होतें. ‘बेल बॉटम’ (२०२१) मध्यें त्या वर्षाच्या अपहरणाचें यश आपल्या एका गुप्तहेराच्या पदरांत पडतें.

मराठी वाचकाला ही वृत्ति अपरिचित नाहीं. पानिपतावर भाऊसाहेब पडले हें महाराष्ट्राच्या मनानें पुष्कळ वर्षें स्वीकारलें नाहीं. तोतयाचें सगळें बंड त्या नाकबुलीवरच उभें राहिलें. बखरकाराची हकीकत पारखल्यावांचून प्रमाण मानूं नये हें राजवाड्यांनीं आपल्याला शिकविलें. परंतु बखर हें घडलेल्या गोष्टीचें कच्चें साधन असलें, तरी तत्कालीन लोकांच्या इच्छेचें तें पक्कें साधन आहे. विमानापहरणाचा स्वस्त चित्रपट हा याच अर्थानें एक बखर होय. एखाद्या समाजाला कोणता पराभव सलतो आहे हें जाणावयाचें असेल, तर त्याचे गंभीर ग्रंथ वाचावेतच. पण त्याचे बाष्कळ चित्रपटही पहावेत.

यावर कोणी म्हणेल कीं, खऱ्या माणसांच्या मृत्यूवर रचलेली ही करमणूक मुळांतच गर्ह्य आहे. हा आक्षेप टाळतां येण्यासारखा नाहीं. तथापि तो नेमका कोठें लागू पडतो हें पहावें. वास्तव हें बाष्कळपणाला सर्वस्वीं पारखें असतें असें नाहीं. २० डिसेंबर १९७८ रोजीं दोन तरुणांनीं खेळण्यांतील पिस्तुलें दाखवून इंडियन एअरलाइन्सचें विमान वाराणसीला नेलें आणि इंदिरा गांधींच्या सुटकेची मागणी केली. पुढें १९८० सालीं ते दोघेही उत्तर प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले. असा शेवट लिहिण्याचें धाडस कोणा पटकथाकाराला झालें नसतें. तेव्हां चित्रपटाचा दोष बाष्कळपणा हा नव्हे. त्याचा दोष असा कीं तो नायक चुकीचा निवडतो.

८४७ च्या प्रकरणांत विमानसेविकांची प्रमुख उली डेरिकसन हिनें अपहर्त्यांपैकीं एकाशीं जर्मन भाषेंत बोलून त्याला वारंवार शांत केलें, आणि ज्यू प्रवासी वेगळे काढण्याची मागणी झाली तेव्हां पासपोर्ट दडविले. अल्जीयर्सला इंधनाचे पैसे मिळाल्यावांचून इंधन देण्यास तेथील लोक तयार होईनात, तेव्हां तिनें स्वतःचें शेल कंपनीचें क्रेडिट कार्ड पुढें केलें, आणि हजारों डॉलरांचें इंधन त्यावर भरलें गेलें. पुढील वर्षीं, ५ सप्टेंबर १९८६ रोजीं, मुंबईहून निघालेलें पॅन ॲमचें विमान कराचीला चार सशस्त्र इसमांनीं अडविलें. नीरजा भनोट या बावीस वर्षांच्या मुख्य सेविकेनें वैमानिकांना वेळींच सावध केलें, त्यामुळें ते निसटले व विमान उडूं शकलें नाहीं. तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकी पासपोर्ट लपविले. अखेर गोळीबार सुरू झाल्यावर प्रवाशांना बाहेर काढतांना ती मारली गेली. भारतानें तिला मरणोत्तर अशोकचक्र दिलें. दोन्ही ठिकाणीं पासपोर्ट दडविणारे हात निःशस्त्र होते, आणि जे जीव वांचले त्यांपैकीं कित्येक त्या हातांनीं वांचले. स्वस्त चित्रपटांत या सेविकेला बहुधा दोनच कामें असतात: किंकाळी फोडणें आणि शेवटीं नायकाकडे कृतज्ञतेनें पाहणें. नीरजेवर स्वतंत्र चित्रपट निघाला तो २०१६ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं.

म्हणून या आवडीची लाज वाटावी ती अभिरुचीच्या कारणानें नव्हे. धीर, समयसूचकता आणि वाटाघाटी यांनीं मिळविलेलें श्रेय मुठीच्या व रॉकेटच्या खात्यावर जमा होतांना आपण टाळ्या वाजवितों, ही खरी लाजेची बाब आहे. तरीही एवढें म्हटलें पाहिजे कीं, बाष्कळ चित्रपट या अफरातफरींत फारसा यशस्वी होत नाहीं. रॉकेटें सोडणारी मोटारसायकल कोणी इतिहास म्हणून लक्षांत ठेवीत नाहीं. ज्या चित्रपटांत छायाचित्रण सफाईदार असतें, पोशाख त्या त्या वर्षाचे असतात आणि आरंभीं ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी झळकते, त्यांच्याविषयींच अधिक सावध असावें. कारण त्यांतला टांका दिसत नाहीं.

११ सप्टेंबर २००१ नंतर या सांच्याचा पायाच खचला. अपहर्त्याला कांहीं तरी हवें आहे, तो बोलेल, विमान कोठें तरी उतरेल, या गृहीतावर ही सगळी करमणूक चालली होती. त्या दिवशीं चारही विमानांतील अपहर्त्यांना कांहींच मागावयाचें नव्हतें. पुढें ‘युनायटेड ९३’ (२००६) हा चित्रपट आला, त्यांत एकटा नायक असा कोणी नाहीं. या प्रकारचे स्वस्त चित्रपट त्यानंतरही निघाले, परंतु त्यांना पूर्वींचा निर्धास्तपणा पुन्हा लाभला नाहीं.

जुने चित्रपट मात्र शिल्लक आहेत, आणि पावसाळ्यांतील एखाद्या रविवारीं दुपारीं ते पाहण्यास हरकत नाहीं. चार इंजिनांचें विमान दोन इंजिनांवर उतरलें तर खुशाल हंसावें, नायकाला टाळ्याही द्याव्या. पथ्य इतकेंच कीं, रॉकेटें सुटूं लागलीं म्हणजे अल्जीयर्सच्या धावपट्टीवर पर्समधून कार्ड काढणाऱ्या त्या बाईची आठवण ठेवावी.