वसईचा दुभाषा, नागासाकीची टेकडी

नागासाकी स्टेशनातून बाहेर पडून पाच-सात मिनिटं चाललं की निशिझाकाची टेकडी लागते. वर एका लांब भिंतीवर ब्राँझच्या २६ मूर्ती ओळीने उभ्या आहेत. बहुतेकांचे हात जोडलेले, पावलं मात्र अधांतरी. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेलं हे स्मारक १९६२ साली उभं राहिलं. त्या २६ जणांत एक आपला वसईकर आहे, गोन्सालो गार्सिया.

मीही वसईचा. त्याचं नाव लहानपणापासून सणाला ऐकलेलं, कॉलेजच्या पाटीवर वाचलेलं. पण त्याला कधी कुणी दुखावलं असेल का, हा प्रश्न मनात आला नव्हता. यंदा आला, कारण गावच्या वाडीवरून माझं आणि दादाचं बोलणं तुटलं होतं. मला न विचारता त्याने जमिनीचा व्यवहार केला, आणि मी जपानात बसून दोन वर्षं धुमसत होतो.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. वसईत तो जेझुइटांकडे शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून बरीच वर्षं राबला. संघात सामील करून घ्या, अशी विनंती त्याने केली, पण ती मान्य झाली नाही. ज्या घरासाठी घाम गाळला त्याच घराने उंबऱ्यावर थांबवलं. तो निघून गेला, व्यापारात पडला, पैसा कमावला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्याला साधा बंधू म्हणून स्वीकारलं.

१५९३ साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे आले. दुभाषा होता गोन्सालो. ज्या देशातून मन मोडून गेला, तिथेच तो परतला. क्योटोत या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने चालवले.

ऑक्टोबर १५९६मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर फुटलं. त्यातला माल जप्त झाला आणि धर्मगुरूंच्या मागोमाग स्पेनचं सैन्य येतं, ही शंका बळावली. हिदेयोशीने मृत्युदंड फर्मावला. क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढली. मग भर हिवाळ्यात सुमारे महिनाभराचा प्रवास. निघाले २४ होते. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही पकडलं. २६ पैकी २० जपानी होते, सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा १२ वर्षांचा.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच टेकडीवर त्यांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी मारलं. पाउलो मिकी हा जपानी जेझुइट क्रुसावरून बोलला. आपण फिलिपिन्सचे नाही, जपानीच आहोत, ख्रिस्ताची शिकवण सांगितली एवढाच आपला गुन्हा, हे त्याने आधी ठणकावून सांगितलं. त्यानंतर हिदेयोशीला आणि आपल्या मृत्यूला जबाबदार असलेल्या सर्वांना क्षमा केली.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे क्षमा म्हणजे ‘जाऊ दे, झालं गेलं’. मिकीने काहीच जाऊ दिलं नाही. आरोप खोटा आहे हे मारेकऱ्यांच्याच भाषेत सांगितलं, मग सूड सोडला. ख्रिस्ती क्षमा अन्यायावर पांघरूण घालत नाही. अन्यायाचं नाव घेते आणि हिशेब देवावर सोपवते.

त्या क्षमेने छळ थांबला नाही. १६१४ला देशभर धर्मबंदी आली, ती १८७३पर्यंत टिकली. आणि हिदेयोशीची भीती अगदीच निराधार होती, असं वसईच्या माणसाने म्हणू नये. क्रूस आणि तोफ एकाच जहाजातून आलेली आपल्या किनाऱ्याने पाहिली. देवळं पाडल्याच्या जखमा इथेही आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तो दिवस शेजारच्यांच्या घरी विजयाचा. दुखावलेले दोन्हीकडे असतात. म्हणूनच गोन्सालोच्या मरणाचा उपयोग कुणाविरुद्ध राग पेटता ठेवायला करणं, हा त्याचाच अपमान ठरेल.

१८६२ साली रोमने या २६ जणांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत म्हणून गोन्सालोचा सण वसईत दरवर्षी होतो.

टेकडीवरून उतरलो आणि दादाला फोन लावला. आधी सांगितलं, “तू मला विचारायला हवं होतंस. मला फार लागलं.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग विचारलं, “सणाला येऊ का?”

“ये,” तो म्हणाला. “आईची खोली रिकामीच आहे.”