वसईचा तह : गृहकलहाची किंमत

वज्जी एकत्र जमतात, एकमताने कार्य करतात, तोवर त्यांची हानी संभवत नाही, असा उपदेश महापरिनिब्बान सुत्तात आहे. तो ऐकून मगधाचा अमात्य वस्सकार ओळखतो की वज्जींना जिंकण्यास भेदच हवा.

मराठेशाहीत हा भेद घरातच होता. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयाला गेला. गव्हर्नर जनरल वेलस्लीचा तैनाती फौजेचा प्रस्ताव तो आजवर टाळीत होता. आता निराधार पेशव्याला गादीवर बसविल्यास मराठेशाहीचा प्रमुखच अंकित होणार, हा इंग्रजांचा हिशेब होता. ३१ डिसेंबरच्या तहाने सहा हजारांची फौज मिळाली. २६ लाख उत्पन्नाचा मुलूख आणि परराष्ट्रव्यवहाराचे स्वातंत्र्य गेले. १८१८ मध्ये याच मदतकर्त्यांनी पेशवाई बुडविली.

अस्पृश्यांना माणूस न मानणाऱ्या त्या राज्याचा शोक आपणास नाही. धडा मात्र प्रजासत्ताकासाठी आहे. स्वकीयांच्या फितुरीने देशाने स्वातंत्र्य गमावले, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते. परकी मदतीची किंमत आपल्यातील फूट ठरविते.