पोथीतली गोष्ट, आपली ओवी



आखाजीला आपल्या खान्देशात गौराई माहेरी येते. झाडाला झोके बांधले जातात, गाणी होतात. पुराणातली पार्वती हिमालयाची लेक आणि कैलासाची राणी. आपल्या गाण्यातली गौराई मात्र सासुरवाशीण. तिला माहेरी दोन दिवस जास्त राहायचे असते आणि शंकर जावई होऊन तिला न्यायला दारात उभा राहतो. ही गोष्ट पोथीत आहे का, असे कुणी विचारले तर काय सांगाल? पार्वती पोथीत आहे. माहेरची ओढ आपण घातली. ती आपल्याला ठाऊक होती म्हणून.

जुनी पवित्र गोष्ट आपल्या घरच्या शब्दांत पुन्हा सांगणे हे काम आपल्याकडे फार जुने आहे, आणि ते फक्त हिंदूंच्या पुराणांपुरते नाही. ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ, म्हणजे बायबल, हाही मराठीत ओवीबद्ध झाला आहे. एकदा तो एका परदेशी पाद्र्याने केला, आणि त्यानंतर तीनशे वर्षांनी शाळेत न गेलेल्या एका मराठी बाईने. आज या दोघांची हकिगत ऐकू या.

पाद्र्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि पुढची चाळीस वर्षे तिथेच राहिले. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. देवळे पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. नवे ख्रिस्ती झालेले लोक देवळात जायचे सोडून चर्चमध्ये जाऊ लागले, पण कानाला पुराण ऐकायची सवय होती, ती कुठे जाणार? स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच लोक पाद्र्याला विचारतात, की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्यासारखे दुसरे काही आम्हाला का देत नाही?

त्याचे उत्तर म्हणजे 'ख्रिस्तपुराण'. १६१६ साली ते गोव्यात राचोल इथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी. लिपी मात्र रोमन, कारण छापखान्यात आपल्या अक्षरांचे खिळे नव्हते. स्वर्गाला स्टीफन्स यांनी 'वैकुंठ' म्हटले. ऐकणाऱ्याला शब्द अनोळखी वाटू नये म्हणून.

यात दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. पुराण सुंदर आहे, मराठी भाषेचे त्यात मोठे कौतुक आहे, गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपून वाचले. आणि हेही खरे, की ज्यांच्या जुन्या गोष्टी काढून घेतल्या त्यांना ही नवी दिली गेली. निवड त्यांची नव्हती. म्हणून कुणी जुनी गोष्ट नव्याने सांगू लागले, की सांगणारा कोण आणि ऐकणाऱ्याला 'नको' म्हणायची मोकळीक आहे का, हे आधी पाहावे.

आता दुसरी हकिगत. तिचा आपल्या जळगावाशीही धागा आहे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले होते. धरणगावचा त्र्यंबक ठोमरे तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचा. त्याची कविता ऐकून सगळे थक्क झाले आणि त्याला 'बालकवी' हे नाव मिळाले. त्या संमेलनात रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. पुढे बालकवी नगरला टिळकांच्या घरी राहिले. त्या घराची मालकीण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळा नाही. १८९५ साली नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तोही बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. मुलाला घेऊन नातेवाइकांकडे दिवस काढले. मग नवऱ्याजवळ आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी लगेच सोडले नाही. जातीपातीचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला, आणि मन वळले तेव्हाच, १९०० साली, त्या ख्रिस्ती झाल्या. गोव्यातल्या लोकांना जो वेळ मिळाला नाही, तो लक्ष्मीबाईंनी स्वतः घेतला.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीत लिहायला घेतले होते. नाव 'ख्रिस्तायन', रामायणासारखे. दहाएक अध्याय झाले आणि १९१९ साली ते वारले. काम अर्धवटसुद्धा म्हणता येणार नाही इतके राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी हातात घेतले आणि साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' १९३८ साली छापून आले. लोक त्यांना 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रासाठी ओळखतात, ते बरोबरच आहे. पण हे दुसरे काम केवढे आहे ते बघा. धर्म बदलला, गाव बदलले, माणसे दुरावली. ओवी मात्र लहानपणापासून कानावर पडलेली होती, ती त्यांच्याबरोबर आली. आणि जिने आयुष्यभर दुसऱ्यांची पोथी ऐकायची, ती बाई स्वतः पोथी सांगणारी झाली.

बाईने सांगितले तर काय बदलते? बायबलातलीच एक गोष्ट घेऊ. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी नावाची बाई नवरा आणि दोन मुले घेऊन मवाब देशात जगायला गेली. तिथे नवरा वारला, दोन्ही मुलेही गेली. मागे राहिल्या नामी आणि दोन विधवा सुना. नामीने सुनांना माहेरी जायला सांगितले. एक गेली. दुसरी, रूथ, सासूला सोडून जाईना. दोघी बेथलेहेमला परतल्या तेव्हा सातूची कापणी चालली होती. रूथ लोकांच्या शेतात सरवा वेचू लागली आणि त्यावर दोघींचे पोट भरू लागले. पुढे शेताचा मालक बवाज याच्याशी तिचे लग्न झाले. तिचा पणतू म्हणजे दावीद राजा.

ग्रंथात ही गोष्ट चारच अध्यायांची आहे. सरवा वेचताना पाठ कशी भरून येते, परमुलखातल्या सुनेकडे गावच्या बाया कशा बघतात, रात्री दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील, हे फारसे लिहिलेले नाही. ते कोण सांगू शकेल? जिने सरवा वेचला आहे ती. ऊसतोडीला किंवा मजुरीला गाव सोडून गेलेली बाई नामीचा प्रवास कुणाही पंडितापेक्षा चांगला ओळखेल.

अशी भर घालताना दोन पथ्ये पाळावीत. ग्रंथात किती आहे आणि आपले किती, हे स्पष्ट सांगावे. 'पोथीत एवढेच आहे, पुढचे मला वाटते ते' असे म्हटले की फसवणूक होत नाही. आजकाल मोबाईलवर कुणाची तरी कल्पना 'खरा इतिहास' म्हणून फिरते आणि त्यावरून गावात भांडणे होतात. दुसरे, गोष्ट दुसऱ्याच्या धर्माची असेल तर त्या घरच्या बाईसमोर सांगता येईल अशीच सांगावी. तिला ऐकून बरे वाटले पाहिजे, मान खाली घालावी लागू नये.

आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरातल्यांनी लिहून ठेवली म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर वर्षभरात, पुस्तक होऊ शकले. लिहून घेणारे घरात नसते, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

म्हणून मेहरूणच्या आणि आसपासच्या गटांना एक काम सुचवते. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की अर्धा तास काढा. गटातल्या थोरल्या बायांना आखाजीची, कानुबाईची, सीतेची गाणी म्हणायला लावा. कुणी मुसलमान, ख्रिस्ती किंवा बौद्ध मैत्रीण असेल तर तिच्या घरची गोष्ट तिच्याच तोंडून ऐका. शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलीने वहीत उतरवून घ्यावे. शब्द सुधारू नका, जसे म्हटले तसे लिहा. खाली म्हणणारीचे नाव, गाव आणि तारीख तिला विचारून घाला.