हौतात्म्य हे सत्याचे प्रमाण होऊ शकते काय?

ज्या श्रद्धेसाठी माणसांनी प्राण दिले ती श्रद्धा खोटी असू शकेल काय, असा प्रश्न ख्रिस्ती धर्मपंडित अनेक शतकांपासून विचारीत आले आहेत. शिर्डी-राहाता परिसरातील वाचकांना तो परका वाटणार नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ साली सुरू झाले. पुढे या जिल्ह्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली, तर १९५६ नंतर त्याच समाजातील असंख्य लोकांनी बुद्ध धम्म स्वीकारला. त्यामुळे एकाच भावकीत बौद्ध व ख्रिस्ती अशी दोन्ही घरे आढळतात आणि लग्नकार्यात किंवा हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेच्या दिवसांत हा विषय सहज निघतो. आप्तांच्या श्रद्धेचा अवमान न करता त्याचे उत्तर कसे द्यावे, हे इतिहासाच्या आणि पालि वाङ्मयाच्या आधारे पाहण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. हुतात्म्यासाठी ख्रिस्ती परंपरेत रूढ असलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'साक्षीदार' असा आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मपंडिताने १७९४ साली हा युक्तिवाद विस्ताराने मांडला. येशूच्या पहिल्या शिष्यांनी आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींसाठी कष्ट व मृत्यू पत्करले. जाणूनबुजून रचलेल्या असत्यासाठी कोणी असे करीत नाही. म्हणून त्यांची साक्ष खरी, असा त्याचा आशय आहे.

आता आपल्याच भूमीतील एक उदाहरण घेऊ. वसई येथे सोळाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे प्रथम जेझुइटांसमवेत जपानला गेले. पुढे त्यांनी व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश घेतला आणि १५९३ साली दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला पोहोचले. १५९६ मध्ये 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. मिशनरी पुढे येतात व त्यांच्या मागून सैन्य येते, असा संशय त्या प्रसंगाने बळावला. सत्ताधीश हिदेयोशीच्या आज्ञेने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गार्सिया होते. १८६२ साली रोमच्या चर्चने त्यांना संतपद दिले.

या पुरुषाच्या धैर्याविषयी आम्हांस आदर वाटतो. परंतु त्या मरणाने नेमके काय सिद्ध झाले? त्यांची निष्ठा निःसंशय सिद्ध झाली. मात्र येशूचे पुनरुत्थान त्यांच्या जन्मापूर्वी सुमारे पंधरा शतके घडले असे मानले जाते; ते त्यांनी पाहिलेले नव्हते. ऐकलेल्या गोष्टीवर दृढ श्रद्धा ठेवून मरणारा मनुष्य आपल्या श्रद्धेचा साक्षीदार असतो, त्या घटनेचा नव्हे. शिवाय मारणाऱ्याचा हेतू शुद्ध धार्मिकच असतो असेही नाही. येथे राज्याच्या सुरक्षेचे भय त्यात मिसळलेले होते.

गोव्यातील कुंकळ्ळीचा प्रसंग याहून अधिक बोधक आहे. अकबराच्या दरबारी राहून आलेले रुदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइट जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहण्यास तेथे गेले असता गावकऱ्यांनी त्यांना ठार केले. त्यांच्यासमवेत अनेक स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. या पाच जणांना रोमने १८९३ साली धन्यवादित घोषित केले. पण त्याआधी पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती, आणि या हत्येनंतर गावच्या पुढाऱ्यांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून घेऊन ठार करण्यात आले. त्यांचेही स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. एका बाजूची माणसे क्रुसासाठी मेली, दुसऱ्या बाजूची ग्रामदेवतेसाठी आणि गावाच्या स्वत्वासाठी. मरण हेच प्रमाण मानले तर परस्परविरोधी दोन्ही मते खरी मानावी लागतील. तर्कास हे मान्य होणार नाही.

पहिल्या शिष्यांचा मुद्दा यापेक्षा बळकट आहे, हे मान्य केले पाहिजे. कारण त्यांचा दावा प्रत्यक्षदर्शनाचा होता. तथापि त्यांच्या मरणाची साधने विषम आहेत. जब्दीपुत्र याकोबाचा वध नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांत नोंदला आहे; येशूचा बंधू याकोब याच्या वधाची नोंद ज्यू इतिहासकार जोसेफसने केली आहे; पेत्र व पौल यांच्याविषयीची परंपरा पहिल्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. इतर अनेक शिष्यांच्या मरणाच्या कथा मात्र बऱ्याच उत्तरकालीन व अद्भुताने भरलेल्या आहेत. श्रद्धा नाकारल्यास सुटका मिळाली असती, असेही प्रत्येक ठिकाणी दाखविता येत नाही. हे सर्व मान्य केले तरी निष्कर्ष एवढाच निघतो की ते लबाड नव्हते. लबाडी आणि सत्य यांच्यामध्ये प्रामाणिक भ्रम नावाचा मोठा प्रदेश आहे, आणि पेलीचा युक्तिवाद तो ओलांडू शकत नाही.

खुद्द ख्रिस्ती परंपरेलाही ही अडचण जाणवली होती. आफ्रिकेतील दोनातुस-पंथीय आपल्या हुतात्म्यांचा दाखला देऊ लागले, तेव्हा संत ऑगस्टीनने उत्तर दिले की हुतात्मा शिक्षेने ठरत नाही, कारणाने ठरतो. म्हणजे कारणाची सत्यता आधीच वेगळ्या मार्गाने ठरवावी लागते. मग मरण हे प्रमाण उरत नाही.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. गार्सियांच्या वसईलगतच सोपारा, म्हणजे प्राचीन सुप्पारक, आहे. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात पुण्ण स्थविर सूनापरान्तास जाण्याची अनुज्ञा मागतात. अट्ठकथा त्यांचा संबंध सुप्पारकाशी जोडते. तेथील लोक उग्र आहेत, ते शिव्या देतील, मारतील, प्राणही घेतील, तर काय करशील, असे तथागत क्रमाक्रमाने विचारतात. प्राण घेतले तरी मनात द्वेष येऊ देणार नाही, असा पुण्णांच्या उत्तराचा आशय आहे. तथागत त्यांच्या संयमाची व उपशमाची प्रशंसा करून अनुज्ञा देतात. 'तू मरण्यास सिद्ध आहेस, यास्तव माझा धम्म सत्य आहे', असे ते म्हणत नाहीत. पुढे पुण्णांच्या परिनिर्वाणानंतर भिक्खू त्यांच्या गतीविषयी विचारतात, तेव्हाही गौरव होतो तो त्यांच्या प्रज्ञेचा आणि धम्मानुसार आचरणाचा. मृत्यू कसा आला, याविषयी सुत्त मौन पाळते.

चंकी सुत्तात हाच विवेक सिद्धान्तरूपाने आला आहे. दृढ श्रद्धेने मानलेली गोष्ट पोकळ निघू शकते आणि श्रद्धा नसलेली गोष्ट सत्य असू शकते. म्हणून 'ही माझी श्रद्धा आहे' एवढेच म्हणावे, 'हेच सत्य, बाकी सर्व मिथ्या' असा निर्णय त्यावरून करू नये. यास तेथे सत्याचे रक्षण म्हटले आहे. पालि परंपरेतही 'कायसक्खी', म्हणजे देहाने साक्ष देणारा, ही संज्ञा आहे. पण ती समाधीच्या उच्च अवस्थांचा जिवंतपणी देहाने अनुभव घेणाऱ्यास लावली जाते, देह टाकणाऱ्यास नव्हे.

हा निकष केवळ इतरांना लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ मध्ये पोचिराम कांबळे यांची हत्या झाली, १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. त्यांच्या स्मृतीपुढे आपण नतमस्तक होतो, आणि तसे झालेच पाहिजे. परंतु नामांतराची मागणी न्याय्य होती ती त्यांच्या मरणामुळे नव्हे. ती १९७८ पूर्वीही न्याय्यच होती, कारण तिच्यामागे समतेचा विचार होता. त्यांच्या मरणाने अन्यायाची क्रूरता आणि त्यांची निष्ठा जगापुढे आली. व्हिएतनाममध्ये १९६३ साली भिक्खू थिच क्वांग डुक यांनी अग्निप्रवेश केला, त्यानेही तेथील बौद्धांवरील दडपशाही उघड झाली. चार आर्यसत्ये त्यामुळे अधिक खरी झाली नाहीत.

आपल्या ख्रिस्ती आप्तांना द्यावयाचे उत्तर असे सौम्य व स्पष्ट आहे. तुमच्या हुतात्म्यांचे धैर्य आम्ही मानतो आणि त्यांचे मारेकरी कोणत्याही धर्माचे असोत, त्यांचा निषेध करतो. परंतु मत सत्य आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी आपण दोघांनी एकत्र बसून त्या मताचेच परीक्षण केले पाहिजे. हाच आग्रह आम्ही आमच्या धम्माविषयीही धरतो.