दोन काठांचा खर्च : हडपसरच्या नदीवरील पुलांचा इतिहास

हडपसर हे पुण्याच्या पूर्वेकडील गाव मुळा-मुठा नदीच्या दक्षिण बाजूस वसलेले असले, तरी त्याच्या वाढीची दिशा नदीने क्वचितच ठरवली. संगमापाशी एकत्र झालेल्या मुळा आणि मुठा पुढे बंड गार्डन, मुंढवा, मांजरी, थेऊर अशा गावांवरून पूर्वेला वाहत जाऊन भीमेला मिळतात. आणि या प्रवाहाला जवळजवळ समांतर, त्याच्या दक्षिणेकडून पुणे–सोलापूर रस्ता जातो. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला तो याच रस्त्यालगतच्या हडपसरच्या मैदानात. पुढे १८५० च्या दशकाअखेरीस आलेला लोहमार्ग आणि १८७० च्या दशकात खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा यांनीही दक्षिणेचाच काठ धरला. नगरकडे जाणारा रस्ता मात्र येरवड्यावरून उत्तरेच्या काठाने गेला. अशा रीतीने सरकारी पैशाची सारी मोठी कामे नदीच्या सोबतीने धावली आणि नदी ओलांडण्याची गरज त्यांतल्या एकालाही हडपसरपाशी पडली नाही. या भागाला पूल उशिरा मिळाले, त्याचे मूळ या रचनेत आहे.

ज्या ठिकाणी राजमार्गाला नदी आडवी आली, तेथे पूल वेळेवर झाला, हे बंड गार्डनच्या उदाहरणावरून दिसते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून तेथे आधी बंधारा झाला, आणि त्याच्याशेजारी १८६७ ते १८६९ या काळात लष्करी अभियंता कॅप्टन सेलन यांच्या देखरेखीखाली दगडी कमानींचा फिट्झजेराल्ड पूल उभा राहिला. मुंबईच्या गव्हर्नरांचे नाव धारण करणारा हा पूल छावणी व नगर रस्ता यांना जोडणारा होता, म्हणून सरकारला त्याची निकड स्वतःची वाटली. प्रवाहाच्या खालच्या अंगाला, पूर्वेकडे, जी गावे होती त्यांची निकड वेगळी होती: पलीकडच्या काठावरची शेती, सोयरीक, आठवड्याचा बाजार आणि कालव्याच्या पाण्यावर पिकणारी तरकारी.

या गावांच्या वाट्याला नदी ओलांडण्याची जी साधने आली, ती तीन. पहिले साधन उतार, म्हणजे पात्र उथळ असेल तेथून पायी किंवा बैलगाडीने पार होण्याची जागा. दुसरे तर, म्हणजे ठेक्याने दिलेली नावेची सेवा. आणि तिसरे फरशी, म्हणजे पात्राच्या तळालगत बांधलेला बुटका दगडी रस्ता, ज्यावरून उन्हाळ्यात गाड्या जातात आणि पूर आला की पाणी जाते. फरशी स्वस्त पडते, याचे कारण तिला उंच खांब लागत नाहीत आणि लांब जोडरस्तेही लागत नाहीत. परंतु वर्षातील ज्या महिन्यांत नदी खरोखर अडवते, नेमक्या त्याच महिन्यांत ती निरुपयोगी होते. फरशीलाच पूल समजून समाधान मानायला लावणे हा ग्रामीण भागावर दीर्घकाळ झालेला अन्याय होय.

या अन्यायाचे आर्थिक कारण स्थानिक निधीच्या घडणीत सापडते. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा कर, ज्याला लोकल फंड म्हणत, कायदेशीर झाला. त्याचा एक हिस्सा शाळांना आणि मोठा हिस्सा रस्ते, विहिरी यांसारख्या कामांना जाई. १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे अस्तित्वात आली आणि हा निधी त्यांच्याकडे गेला. शेतकऱ्याच्या महसुलावर मोजलेल्या या आण्यातून संपूर्ण जिल्ह्याच्या वाटा दुरुस्त करायच्या, म्हटल्यावर एका नदीवरच्या एका उंच पुलासाठी काय उरणार होते? १८७५ च्या टोल कायद्याने पुलावर पथकर बसवून खर्च वसूल करण्याची सोय होती, पण पथकर गर्दीच्या मार्गावरच परवडतो, आणि मांजरीच्या नदीवरची वाहतूक गर्दीची नव्हती. याउलट पुणे नगरपालिकेला जकातीचे, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरील कराचे, नियमित उत्पन्न होते. त्या नगरपालिकेच्या काळात मुठेवर शनिवारवाड्याजवळ लॉईड पूल, म्हणजेच आजचा शिवाजी पूल, १९२३ मध्ये खुला झाला. एकाच जिल्ह्यात काही मैलांच्या अंतरावर नदीची किंमत अशी दोन प्रकारे मोजली जात होती.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तरी दोन काठ दोन ग्रामपंचायतींचे राहिले. चित्र बदलले ते शहर नदीपर्यंत पोहोचल्यावर. १९९७ मध्ये खराडी महानगरपालिकेत आली. दक्षिणेला मगर कुटुंबांनी स्वतःच्या जमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली, आणि पाहता पाहता दोन्ही काठांवर संगणक उद्योगांची कार्यालये झाली. सोलापूर रस्ता आणि नगर रस्ता यांमधली मुंढवा–खराडी ही वाट आता शहराची धमनी ठरली. हडपसर गावठाणातून या वाटेने नदीकडे जाताना लोहमार्ग आधी लागतो, म्हणून येथे नदीवरील पुलासोबत रेल्वेवरील पुलाचाही विचार करावा लागतो, आणि त्यात दोन काठांखेरीज रेल्वे हा तिसरा पक्ष येतो, ज्याची संमती लागते.

आजच्या नियोजनात पुलाचा आराखडा जलसंपदा विभागाच्या पूररेषांशी जुळवावा लागतो: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून झालेला संहार पाहिलेल्या शहराला या रेषांचे महत्त्व सांगावे लागू नये. मात्र खरी अडचण खांबांची नसून जोडरस्त्यांची आहे. खांब नदीत उभे राहतात, आणि नदीची जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. जोडरस्ता मात्र शेतकऱ्याच्या वावरातून किंवा सोसायटीच्या कुंपणातून जातो. शिवणे ते खराडी हा नदीकाठचा रस्ता भूसंपादनात रखडला तो याच कारणाने. जकात २०१३ मध्ये संपली आणि पुढे तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला, तेव्हापासून महापालिकेला मालमत्ता कर, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि राज्य सरकारकडून मिळणाऱ्या भरपाईवर अधिक विसंबावे लागते. जमिनीचा मोबदला रोखीने देण्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा हक्क, देऊ करण्याकडे प्रशासनाचा ओढा असतो, तो त्यामुळे.

हद्दवाढीने दोन काठ एकाच कारभाराखाली आणण्याचे काम केले, पण ते अर्धेच. २०१७ मध्ये केशवनगर आणि साडेसतरा नळी महापालिकेत आली, तेव्हा समोरच्या काठावर खराडी आधीच महापालिकेत होती. त्यामुळे केशवनगर आणि खराडी यांच्यामधला कोणताही पूल एकाच अंदाजपत्रकातून बांधता येतो. जून २०२१ मध्ये दक्षिण काठचे मांजरी बुद्रुक महापालिकेत आले. समोरच्या उत्तर काठावरचे मांजरी खुर्द मात्र तेव्हा समाविष्ट झालेल्या गावांत नव्हते.