मी काय तुझी बटीक आहे?



भांडणात आपल्या तोंडून सहज निघतं, "मी काय तुझी बटीक आहे?" मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक जण हेच बोलली, आणि आईला चिकटून बसलेल्या चौथीतल्या पोरीनं विचारलं, "बटीक म्हणजे काय गं?" आम्ही सगळ्या गप्प. शब्द ठाऊक होता, त्यामागची बाई ठाऊक नव्हती.

बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. पेशवाईत तिला कुणबीणही म्हणत. कुणी दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, तर कुणाला बदकर्माचा ठपका ठेवून सरकारनंच दासी केलेलं. दळण, पाणी, शेणगोठा, कोठार ही तिची कामं. मूल झालं तर तेही मालकाचं. 1843 साली कंपनी सरकारनं आपल्या मुलखात कायद्यानं गुलामांवरचा मालकीहक्क मानणं बंद केलं. सातारा तेव्हा छत्रपतींचं राज्य होतं, सांगली पटवर्धनांचं संस्थान. या बायकांची नोंद आज सापडते ती मालकाच्या आणि सरकारच्या कागदात. तिच्या मनात काय होतं, ते कागद सांगत नाही.

मग लेकरांना सांगायचं कुणाच्या तोंडून? एका मराठी आईनं यावर वाट काढली होती. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 साली त्या अमेरिकेला गेल्या. त्यांची मनोरमा 1881 ची, म्हणजे अगदी लहान. तिथं रमाबाई हॅरिएट टबमन या बाईला भेटल्या आणि तिची गोष्ट त्यांनी लेकीला पत्रातून कळवली. हॅरिएटनं आपल्याला अस्वलासारखी मिठी मारली, हात दुखेपर्यंत हलवला, हेही लिहिलं. गुलामी म्हणजे काय, हे त्या लेकराला आईच्या गळ्यात पडलेल्या एका जिवंत बाईमुळे कळलं.

हॅरिएट गुलाम म्हणूनच जन्मली. लहानपणी चाबूक खाल्ला. पळणाऱ्या गुलामावर फेकलेलं लोखंडी वजन तिच्या डोक्यात बसलं, त्याचा त्रास जन्मभर राहिला. 1849 साली ती पळाली. पण एकटी सुटून तिला चैन पडेना. सुमारे 13 वेळा ती रात्रीची परत गेली आणि 70 च्या आसपास माणसं सोडवून आणली. लिहितावाचता येत नव्हतं, पण देव आपल्याला वाट दाखवतो यावर तिची श्रद्धा होती. मात्र मुलांना हेही सांगायला हवं, की तेच बायबल हातात घेऊन मालक गुलामी योग्य ठरवत होते. धर्म एकच. एकानं त्याचा साखळदंड केला, दुसरीनं कंदील.

आपल्याकडंही एक मुलगी स्वतः बोलली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, वय सुमारे 14. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध 1855 साली अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल तिनं लिहिले. आमचा धर्म कोणता, असं तिनं थेट देवालाच विचारलं.

सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. जोतीरावांचं मूळ गाव खटावमधलं कटगुण. 1873 साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि गुलामी मोडल्याबद्दल अमेरिकेतल्या भल्या लोकांना ती अर्पण केली. सातासमुद्रापलीकडचं दुःख त्यांनी आपल्या दुःखाशेजारी ठेवून पाहिलं.

आम्ही ठरवलंय, मुलांना आधी माणूस सांगायचं, मग साल. नुसता मार सांगितला तर लेकरू घाबरतं, म्हणून ती पुढं काय करून गेली हेही सांगायचं. आणि एक काम घरचं. वेठबिगारी 1976 साली कायद्यानं बंद झाली. त्याआधी सालगडी राहिलेले, वेठ केलेले आजी-आजोबा माण, खटाव, जत, आटपाडीत अजून आहेत. उचल घेऊन ऊसतोडीला जाणारी बाई तर आपल्या शेजारीच आहे. तिला बटीक म्हणायचं नाही. शेजारी बसायचं आणि तिचं तिलाच सांगू द्यायचं. मुलांना जवळ बसवा, मोबाइलवर आवाज भरून घ्या.

बटकीचे शब्द कुणी जपले नाहीत. आपल्या आज्यांचे तरी जाऊ देऊ नका.