बाकावरची मुंबई

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये एका संघाला एका हंगामात 162 सामने खेळावे लागतात. मैदानाच्या मागच्या भागात क्षेत्ररक्षक फक्त तीनच, पण चौथा, पाचवा चांगला तयार नसेल तर हंगाम निभत नाही. आपल्याकडे हा हिशोब कुणाला कळला असेल, तर तो मुंबईच्या रणजी संघाला.

1970-71 चा हंगाम बघा. भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेलेला. कप्तान अजित वाडेकर, सोबत दिलीप सरदेसाई, एकनाथ सोलकर, अशोक मांकड आणि नवखा सुनील गावसकर. म्हणजे मुंबईचे पाच जण एकदम बाहेर! इकडे ब्रेबॉर्नवर रणजीची फायनल, समोर महाराष्ट्र. मुंबईचं नेतृत्व आलं सुधीर नाईकांकडे. आणि मुंबईनं सामना 48 धावांनी जिंकला. तिकडे गावसकरांनी 774 धावा केल्या, मालिका जिंकली, त्याचं कौतुक घराघरात झालं. नाईकांच्या विजयाची आठवण मात्र जाणकारांपुरतीच राहिली. मला विचाराल तर 1958-59 पासूनच्या सलग पंधरा विजेतेपदांमधलं हे सगळ्यात मोलाचं.

ही खोली आली कुठून? पावसाळ्यात, चिखलात रंगणारी कांगा लीग. टाइम्स शील्डमधलं ऑफिसांचं क्रिकेट, ज्यामुळे खेळाडूच्या घरी पगार यायचा. आणि आझाद मैदान, जिथे एकाच वेळी इतके सामने चालतात की शेजारच्या सामन्यातला फिल्डर तुमच्या पॉइंटच्या पाठीला लागून उभा असतो.

याची किंमतही कुणीतरी मोजतच होतं. पद्माकर शिवलकरांनी 589 प्रथम श्रेणी बळी घेतले, कसोटी एकही नाही. अमोल मुजुमदारनं 1994 मध्ये रणजी पदार्पणात 260 केल्या, पुढे अकरा हजारांवर धावा जमवल्या, तरी भारताची टोपी काही मिळाली नाही. बाक खोल असतो म्हणजे त्यावर माणसं बसून असतात, हे आपण सोयीनं विसरतो.

नंतर दादर-शिवाजी पार्कची मक्तेदारी सुटली आणि किटबॅगा लोकलनं दुरून यायला लागल्या. रोहित शर्मा घडला बोरिवलीच्या शाळेत, दिनेश लाड सरांच्या हाताखाली. तुषार देशपांडे कल्याणचा. फेब्रुवारी 2024 मध्ये वांद्र्याच्या बीकेसी मैदानावर, बडोद्याविरुद्ध, दहावा तनुष कोटियन आणि अकरावा तुषार या दोघांनीही शतकं ठोकली. शेवटच्या विकेटसाठी 232 धावा! असं याआधी एकदाच घडलं होतं, 1946 मध्ये ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्याकडून. त्या वर्षी मुंबईनं 42वी रणजी जिंकली.

मग आला जानेवारी 2025. त्याच बीकेसीवर जम्मू-काश्मीर समोर. मुंबईकडे रोहित, यशस्वी जयस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, सगळे हजर. त्यांना जागा करून देताना विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे बाहेर बसला, शतकं करूनही. पहिल्या डावात मुंबई 120 वर आटोपली. दुसऱ्या डावात लाज राखली ती तळाच्या शार्दुल ठाकूरनं, 119 धावा करून. त्याच्या साथीला पुन्हा कोटियनच. सामना मात्र जम्मू-काश्मीरनं पाच विकेट राखून नेला.